कोबी, लसूण, शिंपला

टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात
आमचं फायबरच्या सिंहासनांचं वर्कशॉप.
बिलबुकावर ऐटीत छापलंय ‘राजयोग’.
दारावर काहीच नाही,
पत्राच एवढा गंजलाय की रंग धरत नाही.

वडिलांना या नक्षीची खरी नावं ठाऊक नाहीत.
पाठीवर कुरळत गेलेल्या पानाला ते म्हणतात कोबी.
तीन पाकळ्यांचं फूल, कुठल्याशा परदेशी राजांनी
झेंड्यावर मिरवलेलं म्हणे, ते आमच्याकडे लसूण.
हातावरची गुंडाळी म्हणजे मेंढ्याचं शिंग.
आणि मधोमध शिंपला,
तो शिंपलाच, त्याला दुसरं काय म्हणणार.
“दोन लसणी कमी पडल्यात रे!” ते आतून ओरडतात,
“आणि त्या कोबीला अजून एक हात मार पावडरचा.”
नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, पत्ता चुकला, मंडईत आलो.

सगळ्यात वर सूर्य. माणसाच्या चेहऱ्याचा.
त्याचा साचा कॅम्पातल्या एका बंगल्यातला.
बंगला पाडायला काढला त्या रात्री
वॉचमनला पन्नास रुपये देऊन
वडिलांनी छताच्या कोपऱ्यातून तो शाडूत उठवून आणला.
बंगला कुणा साहेबाचा,
साहेबानं चेहरा कुठल्याशा महालात पाहिलेला,
महाल ज्या राजाचा त्याला वाटायचं
आपण उठल्याशिवाय उजाडत नाही.
इतका लांबून येईतो
नाक तेवढं गेलं.

बिननाकाचा सूर्य कोण घेणार?
वडिलांनी मान वर केली.
समोर हौसाबाई बसलेली, तोंडाला फडकं बांधून
सिंहाच्या पंज्याला पॉलिश पेपर मारत.
फडकं खाली करायला लावलं,
अर्धा तास तिला हलू दिलं नाही.
रुंद नाक, मधे जरा बसकं, डावीकडे चमकीचं भोक.
भोक त्यांनी बुजवलं.
नीट बुजलं नाही.

तेव्हापासून हडपसर ते हिंजवडी
किती नवरदेवांच्या फेट्यावर
हौसाबाईचं नाक तळपतंय.
रिसेप्शनचा फोटो मोठा करून बघा,
डावीकडे बारीक खड्डा दिसेल.

मग वडगावच्या आप्पांचा वाढदिवस आला.
पाच फुटांची पाठ मागवली.
आठ दिवसांत नऱ्ह्याचे बाळासाहेब: साडेपाच.
आप्पांचा माणूस पुन्हा हजर,
“सहा करा. आणि सिंह जरा रागीट हवेत,
मागचे हसल्यासारखे वाटतात.”
आम्ही भुवया वाढवल्या, इंच वाढवले,
अॅडव्हान्सही वाढवून घेतला.

सहा फूट नऊ इंचांना
कार्यालयाच्या दारानं ऐकलं नाही.
बाहेर ढोलपथक ताटकळलेलं,
जेसीबीच्या खोऱ्यात झेंडूच्या पाकळ्या सुकत चाललेल्या,
बाळासाहेब शेरवानीत, उभे.
शेवटी चौघांनी ते आडवं केलं,
खांद्यावर घेतलं,
पाय पुढे.
एक म्हातारा सवयीनं हात जोडून बाजूला सरला,
मग दचकून इकडेतिकडे बघायला लागला.

परवा हौसाबाईच्या भाचीचं लग्न लागलं, लोहियानगरात.
सिंहासन आमचंच, भाड्याचं,
भाडं वडिलांनी निम्मंच लावलं.
ती आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढली,
नवरीच्या गालावरून बोटं मोडली,
आणि वर पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
फोटोग्राफर म्हणाला, “मावशी, इकडे बघा, इकडे.”

सोमवारी आली ती फडकं न बांधताच.
“शेठ, नगामागं दहा रुपये वाढवा.
घासायचे न्हाईत. नाकाचे.”
वडील हसले. मग हसायचे थांबले.
मला म्हणाले, “लिही.”

मी बिलबुक उघडलं.
लसूण, शिंग, शिंपला, पंजे, पावडर,
सूर्य (पूर्ण).
नाकाला रकाना नव्हता.

कोबीत टाकले.